खंडेनवमीचं दार

आमच्या घरातली सगळी दारं मी आपटते. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, पुढचं, मागचं. शाळेत पोरांवर ओरडून जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ओरडायला पोरं उरली नाहीत, मग दारांवर भागवते. फक्त आमच्या खोलीचं दार मी कधी आपटलं नाही. ते यांचं. यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं, चिंतामणीरावांचं. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. घरात बल्ब गेला तरी "वायरमनला सांग" म्हणणारा माणूस, पण त्या एका दाराला सुताराचा हात लागू द्यायचा नाही. "आपला हात जगन्नाथ," म्हणायचे आणि पत्र्याची हत्यारांची पेटी घेऊन बसायचे.

या दाराचं प्रकरण समजायचं तर आधी भिंत समजली पाहिजे. आमच्या खोलीची मागची भिंत आणि दाजींच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच. दाजी म्हणजे शेजारचे जमीनमालक. भिवंडीत जिकडेतिकडे माग बसायला लागले तेव्हा त्यांनीही भाताचं खळं मोडून कारखाना घातला. दोन शिफ्टमध्ये माग चालायचे. भिंत थरथरायची, फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि काही बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. भिवंडीत मोठ्याने बोलणाऱ्या बाईला कुणी भांडकुदळ म्हणत नाही, शेजारी कारखाना असेल म्हणतात. मी माहेरची कल्याणची. लग्न होऊन आले तेव्हा माझा आवाज मंजुळ होता, हे आता सांगून कुणाला पटत नाही.

तर त्या थरथरीने आमचं दार आपोआप उघडायचं. बिजागरीचे स्क्रू सैल व्हायचे, दार कलायचं, कडी निसटायची आणि सावकाश, आवाजसुद्धा न करता ते सताड उघडं पडायचं. बाहेर सासूबाई भाजी निवडत बसलेल्या, सासरे पेपर वाचत. नवीन लग्न झालेलं. आम्ही आत नुसते गप्पा मारत असलो तरी चोरी पकडल्यासारखी तोंडं व्हायची. एकदा सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "चिंतू, त्या दाराचं काय ते एकदा बघ." यांचे कान लाल झालेले मला अजून आठवतात.

त्या वर्षी खंडेनवमीला यांनी पहिल्यांदा दाराचं बघितलं. खंडेनवमीच का, तर त्या दिवशी भिंत थांबायची. एरवी लूमला सुट्टी शुक्रवारची, आणि शुक्रवारी यांची कचेरी. पण खंडेनवमीला दाजी माग बंद ठेवून त्यांची पूजा करायचे. प्रत्येक मागाला झेंडूची माळ, नारळ, कारागिरांना पेढे. हे त्या दिवशी रजा टाकायचे. त्यात आमच्या सासऱ्यांचा एक नियम होता. हत्यारांना कुंकू लावायचं तर आधी त्यांच्याकडून घरचं एक तरी काम करून घ्यायचं. वर्षभर बसून राहिलेल्या हत्याराची कसली पूजा? तर आमच्या घरचं काम म्हणजे हे दार.

मी दार दोन्ही हातांनी धरायची. हे स्क्रू सोडायचे, सैल झालेल्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकायचे, बिजागरीच्या मागे पुठ्ठ्याचा एक तुकडा सारायचे म्हणजे दार चौकटीत घट्ट बसेल, आणि पुन्हा स्क्रू पिळायचे. पुठ्ठाही दाजींकडचाच. सूत संपलं की पुठ्ठ्याचे रिकामे कोन कारखान्याबाहेर पडलेले असायचे, त्यातला एक उचलून आणायचा.

वर्षभर ओरडून बोलणारे आम्ही त्या दिवशी हळू बोलायचो. "धरलंस?" "धरलंय." "सोडू नकोस." बोलणं एवढंच, पण हळू. भरल्या घरात नवराबायकोला दिवसाउजेडी इतकं जवळ उभं राहायला दुसरं कुठलं निमित्त मिळणार होतं? सासूबाईंना वाटे, दार दुरुस्त होतंय. होतच होतं की.

अथर्व झाला, वाढला, इंजिनियर होऊन ठाण्याला गेला. सासू-सासरे गेले. अथर्वच्या लग्नाच्या सुमाराला दाजींनी माग भंगारात काढले. आता तिथे पार्सलच्या खोक्यांचं गोडाऊन आहे. भिंत कायमची गप्प झाली. सुरुवातीला मला त्या शांततेत झोप येईना. पण खंडेनवमी काही चुकली नाही. कारखाना रिकामा होत होता तेव्हा यांनी पोतंभर कोन मागून आणले होते. दर वर्षी मी दार धरायची आणि हे बिजागरी भरायचे. दार हल्ली फार जड जातंय, असं मी म्हणायची. "पावसाने फुगलंय," हे म्हणायचे, "दिवाळीत बसेल."

दिवाळ्या गेल्या, दार बसलं नाही. मी त्याला कमरेने धक्का देऊन आत जायला शिकले आणि हे दोन्ही हातांनी ओढून बाहेर यायला. माणसाला सगळ्याची सवय होते.

मग माघात यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता म्हणाले. बोलणं परतलं, पाय काठीच्या आधाराने परतला, उजवा हात तेवढा मागे राहिला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हात वापराल तर येईल, न वापराल तर असाच राहील. दाबायला एक मऊ चेंडू दिला. हे दाबायचे, मी ओरडले की आणखी दोनदा दाबायचे. उन्हाळ्यात बोटं मिटायला लागली. चहाचा कप अजून उचलत नव्हता, पण पेपरचं पान उलटायचा. मला वाटलं, जिंकलो.

आणि मग भाद्रपदातली ती दुपार. गणपतीची खरेदी करायला मी बाजारात गेले होते. मागे यांनी कपडे बदलायला म्हणून दार लावलं. जन्माची सवय, कपडे बदलायचे तर दार लावायचं. लावताना लागलं, उघडेना. दार आत उघडणारं, म्हणजे ओढायला हवं, आणि ओढायला एकच हात. मी पिशव्या घेऊन परत आले, हाका मारल्या, ओ नाही. कमरेने धक्का मारून आत गेले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, पायजम्याची नाडी डाव्या हातात धरून.

"अहो, हाक नाही का मारायची? खिडकीतून शेजारच्या चंद्राला सांगितलं असतं तरी तिने धावत येऊन ढकललं असतं!"

"काय सांगू चंद्राला?" हे म्हणाले. "नाडी बांधता येत नाही, आणि दारही उघडता येत नाही?"

त्यानंतर दार कधी लागलं नाही. चेंडू पलंगाखाली गडगडत गेला तो तिथेच राहिला. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. कपडे बदलायची वेळ झाली की हे माझी वाट बघत उभे राहायचे, हात जरासे बाजूला करून. मला ते बघवत नव्हतं. मग मी जास्तच ओरडायची.

मी दाजींच्या पुतण्याला, भावेशला बोलावलं. जवळच्या शेलार गावात राहतो, सुतारकामात हुशार आहे, पण हल्ली मानकोलीच्या गोडाऊनांमधली चकचकीत ऑफिसं करतो. त्याने दार दोनदा मागेपुढे करून बघितलं, फळीवर टकटक केलं.

"काकू, ह्यो फुगलाय. रंधा मारला त उन्हाल्यात फट परेल. त्यापेक्षा काढूनच टाका ना. रेडिमेड लावून देतो, एकदम हलका. पानी पिनार न्हाय, फुगनार न्हाय. काकांना ईचारा, काय बोलतान."

मी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. काका खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. या दाराला कुणी रंधा लावायचा म्हटलं तर पूर्वी घर डोक्यावर घेणारा माणूस. आता खिडकीबाहेर बघत बसले होते. भावेशला मी चहा पाजून सांगितलं, दसरा होऊ दे, मग बघू.

संध्याकाळी अथर्वचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. "आई, रिस्क नको," तो म्हणाला. "परत अडकले आणि आत काही झालं तर? मी नवमीला संध्याकाळी येतो आणि ते दारच काढून टाकतो. जाड पडदा लावू. रुचिराने कापडसुद्धा आणून ठेवलंय."

पोराचं काही चुकत नव्हतं, काळजीच होती ती. सूनबाईही चांगली, कापड चांगलंच आणलं असणार. मी यांच्याकडे बघत राहिले. आता भडकतील, मग भडकतील.

"काढा," हे म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. पान उलटलं, तेही डाव्या हाताने.

तो एक शब्द ऐकण्यापेक्षा त्यांनी फोन भिंतीवर फेकला असता तरी चाललं असतं. मला स्वच्छ दिसलं की दार गेलं की प्रकरण तिथे थांबणार नाही. हात तर यांनी सोडूनच दिला होता. दार गेल्यावर स्वतःचं म्हणून करायला काय राहणार? आज पडदा, उद्या मी भरवीन, परवा पलंग. मी तिथल्या तिथे ठरवलं, अथर्व यायच्या आत हे दार बोटाने उघडलं पाहिजे. कसं, ते मला माहीत नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून मी पत्र्याची पेटी काढली. हातोडी, पकड, यांचा लाकडी मुठीचा पेचकस, सगळं पुसून पाटावर मांडलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अहो, हत्यारं काढलीयेत."

"कुंकू लाव आणि ठेवून दे."

"काम केल्याशिवाय कुंकू नाही. मामंजींचा नियम आहे."

"कोण करणार काम?"

"मी!"

त्यावर एखादा माणूस हसला असता, चेष्टा केली असती. हे गप्प. मला त्याचाच इतका राग आला की मी पदर खोचला, दार अर्धं उघडलं, स्टूल ओढलं आणि वरच्या बिजागरीला पेचकस लावला. इतकी वर्षं दार धरलेली बाई मी, मला काय येत नाही? स्क्रू जुन्या रंगात बुजलेले. पेचकस दोनदा सटकला, एकदा अंगठ्यात गेला. तरी एक निघाला, दुसरा निघाला, मग शेवटचा निघाला. आणि दार माझ्याकडे आलं.

सागवानी फळी ती. खालच्या बिजागरीवर गर्रकन कलली. मी स्टुलावरून कशीबशी उतरले आणि दाराला मिठीच मारली. पकडून धरलं खरं, पण आता पुढे काय? सोडलं तर दार पायावर, नाही सोडलं तर मी तिथेच.

"अहो!" कारखाना चालू असतानाचा आवाज लावला मी. "अहो, दार पडतंय!"

खुर्ची करकरली. काठीचा आवाज आलाच नाही. माघापासून हा माणूस काठीशिवाय संडासापर्यंत गेला नव्हता.

"पाट? पाट कुठंय?" दारात उभं राहून हे माझ्यावर खेकसले.

"कसला पाट?"

"अगं, दाराखाली! आधी पाट सरकवायचा, मग स्क्रू सोडायचे! मी पायाने सरकवायचो की! इतकी वर्षं समोर उभी राहून काय बघत होतीस?"

"तुम्हाला!" मी ओरडले. "तुम्हाला बघत होते!"

ते क्षणभर थांबले. मग पुढे झाले आणि दाराला खांदा लावला. डावा हात वर फळीवर गेला. आणि उजवा, महिनाभर मांडीवर पडून राहिलेला तो हात, आपणहून उठून दाराच्या कडेला जाऊन बसला. बोटं मिटली. मी ते बघितलं आणि जीभ दातांखाली धरली. काही बोलले असते तर त्यांना आठवलं असतं की हा हात चालत नाही.

"धरलंय मी," हे म्हणाले. "तू पाट आण."

मी पळत जाऊन स्वयंपाकघरातला पाट आणला, वर पेपराची घडी ठेवली आणि दाराखाली सारला. दार उभं राहिलं. आम्ही दोघंही धापा टाकत होतो.

मग मी वरच्या बिजागरीची सुटलेली पट्टी पुढे ओढली. तिच्या मागून पुठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. नखाने एकेक सुटा करून मी पलंगावर मांडत गेले. तळचे तुकडे काळे पडलेले, धक्के खाऊन खाऊन पापडाएवढे पातळ झालेले, काहींचा तर भुगाच. पण वरचे? वरचे कडक, कोरे, यांनी कातरीने कापले तसेच. कोनावरची निळी रेघसुद्धा पुसलेली नव्हती.

मी त्या दोन ढिगांकडे बघत राहिले आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. माग चालू होते तोवर भिंत पुठ्ठे कुटून काढायची, म्हणून दर वर्षी नवा घालावा लागायचा. माग थांबले. कुटणारं कुणी उरलं नाही. घालणं मात्र चालूच राहिलं, वर्षाला एक. प्रत्येक तुकड्याने दार थोडं थोडं पलीकडे ढकललं, पलीकडच्या चौकटीला भिडेपर्यंत. पाऊस नाही, लाकूड नाही, काही नाही. दार आम्ही अडकवलं होतं, दोघांनी मिळून, हत्यारांना कुंकू लावून.

यांनीही पलंगाकडे बघितलं. माझ्याआधीच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम पलंगावर बसले. मला भीती वाटली. आधीच खचलेला माणूस, त्यात ज्या एका कामाचा अभिमान, तेच असं अंगावर उलटलेलं. "जाऊ द्या हो, लाकूडही फुगलंच असेल थोडं," असं खोटं मी तोंडात तयार ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मी जवळ गेले, तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"मीच," त्यांना शब्द फुटेनात. "मीच मला कोंडलं गं!"

मग मलाही हसू आवरेना. शेजारची चंद्रा खिडकीशी येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून. काय सांगणार?

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "पण अहो, कारखाना बंद झाल्यावर कशाला भरत होतात? तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं. थोडं थोडं."

"मग?"

त्यांनी एक कोरा पुठ्ठा उचलला, उलटसुलट केला. "नाहीतर तू दार कशाला धरली असतीस?"

शाळेत पोरं जिला टरकून असायची ती मी, साठी उलटून गेलेली बाई, हातात पेचकस घेऊन उभी होते आणि लाजले. खरंच लाजले. या माणसावर माझा जीव आहे हे मला माहीत होतं, पण तो किती आहे ते त्या घटकेला कळलं, आणि छातीत मावेना. मी नाक ओढलं आणि म्हटलं, "बसून काय राहिलात? या इकडे. उंटावरून शेळ्या हाकू नका."

ते उठले. या वेळी धरायचं काम त्यांचं आणि स्क्रूचं माझं. भिंत केव्हाचीच गप्प होती, ओरडायचं काही कारण नव्हतं, आणि आम्ही दोघंही हळूच बोलत होतो.

"धरलंत?"

"धरलंय."

"सोडू नका."

शेवटचा स्क्रू मला पुरता पिळता येईना. मनगटात तेवढा जोर नाही. यांनी खांदा दारालाच ठेवून उजवा हात पुढे केला. मी पेचकसाची मूठ त्या तळव्यात दिली. एकेक बोट मिटत गेलं. पेचकस सटकला. परत लावला. परत सटकला. मदतीला जावं म्हणून माझा जीव कासावीस झाला, पण मी हात मागे बांधून उभी राहिले, फळ्यासमोर गणित अडलेल्या पोराच्या मागे उभी राहायची तशी. तिसऱ्या वेळी मूठ वळली. स्क्रू किती फिरला असेल कोण जाणे. फिरला.

खालच्या बिजागरीला हे जमिनीवरच बसले. तिचे स्क्रू मी सोडले, पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्यांच्या ओंजळीत टाकला. "बिजागरीला तेल हवं, शिवणयंत्राचं आण," म्हणाले. मी बुधली शोधून आणेपर्यंत त्यांनी बिजागरी चौकटीला लावून उजव्या तळव्याने दाबून धरली होती. "लाव स्क्रू," म्हणाले, आणि मी लावले.

दुपारी हत्यारांची पूजा झाली. पेचकसाच्या मुठीला कुंकू यांनी लावलं. उजव्या हाताच्या बोटाने. कुंकू जरा सांडलं. मी खीर केली होती. यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

दिवेलागणीला अथर्व आला. एका हातात ड्रिल मशीन, दुसऱ्या हातात पडद्याचा दांडा, खांद्याला पिशवी. "बाबा, चला, दहा मिनिटांचं काम आहे," म्हणत चपला काढतोय तोवर हे उठले, माझ्याकडे बघितलं, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

"आई!" अथर्वने हातातलं सगळं खाली टाकलं. "बाबांनी कडी लावली! बाबा, उघडा!" तो दाराला हात घालणार तोच मी त्याचं मनगट धरलं.

"थांब."

"अगं, अडकले तर?"

"अडकले तर हाक मारतील."

"मागच्या वेळी मारली नव्हती."

"आता मारतील," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण माझं काळीज कारखान्यातल्या मागासारखं धडधडत होतं. दार सुधारलं होतं हे मला माहीत होतं. पण कडी? कडीचा विचार मी केलाच नव्हता.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग कपड्यांची सळसळ. मग बराच वेळ काहीच नाही. अथर्वचं मनगट माझ्या हातात ताठ झालं होतं. मी ते सोडलं नाही. एवढ्यात कडी वाजली, वर उचलली गेली आणि परत पडली. पुन्हा वाजली, पुन्हा पडली. अथर्वने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. आणि मग ती खणकन निघाली.

दार उघडलं. ओढ नाही, धक्का नाही, कुरकुर नाही. आत हे उभे होते. धुवट सदरा, नवा पायजमा, नाडीची गाठ वेडीवाकडी, पण बांधलेली. उजवा हात अजून कडीवरच होता.

"एवढा आवाज कशाला करतोस?" हे अथर्वला म्हणाले. "कपडे बदलत होतो."

त्याने वाकून बापाच्या पायांना हात लावला, दसरा उद्या असून. मग इंजिनियर जागा झाला. एका बोटाने दार मागेपुढे करून बघितलं, वरून बघितलं, खालून बघितलं, उकिडवा बसून बिजागरीत नख घातलं.

"बाबा, मस्त झालंय. खाली मात्र किंचित घासतंय अजून. या बिजागरीमागे पुठ्ठ्याचा एक तुकडा राहिलाय. काढून टाकू?"

"खबरदार हात लावशील तर!"

घर दणाणलं. अथर्व दचकून मागे सरला. मला मात्र तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. फोनवर "काढा" म्हणाले होते तेव्हापासून मी याच आवाजाची वाट बघत होते.

"राहिला नाहीये तो," हे आता शांतपणे म्हणाले. "मी ठेवलाय. पुढच्या खंडेनवमीला काढायचाय. तुझी आई दार धरेल."

"धरेन की," मी म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की अथर्वने विचारलं, "काय म्हणालीस, आई?"

यांनी विचारलं नाही. त्यांना ऐकू गेलं होतं.